मावळात राहून मुक्त विद्यापीठाची पदवी: जाहिरातीपासून प्रमाणपत्रापर्यंत

बारावीचा निकाल लागला की तळेगाव स्टेशनपासून लोणावळ्याच्या भांगरवाडीपर्यंत भिंती आणि मोबाइल एकाच मजकुरानं भरतात. ‘घरबसल्या पदवी’, ‘नोकरी सांभाळून एमबीए’, ‘नॅक ए प्लस’, ‘आमचे हजारो विद्यार्थी यशस्वी’. यातलं बरंचसं खरं असतं आणि खरं असूनही तुमच्या उपयोगाचं नसतं. नवलाख उंब्र्याच्या कंपनीत तीन पाळ्यांत राबणारा ऑपरेटर, लोणावळ्यातल्या हॉटेलात रिसेप्शनला उभी राहणारी मुलगी, पवन मावळात शेती बघून पोल्ट्री सांभाळणारा तरुण, लग्नानंतर बारावीवर थांबलेली कामशेतची गृहिणी. अशा चौघांना पदवी हवी आहे, पण रोज कॉलेजात जाऊन बसणं त्यांना जमणार नाही. ही कृती त्यांच्यासाठी. एक गोष्ट आधीच सांगतो: यात प्रवेश घेणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. मुलं अडकतात ती प्रवेशाआधी न केलेल्या तपासणीत आणि प्रवेशानंतर न मांडलेल्या तासांच्या हिशेबात.

१. आधी जाहिरात वाचायला शिका

घरी बसून शिकवणारी विद्यापीठं काही कालपरवाची नाहीत. इंग्लंडचं मुक्त विद्यापीठ १९६९ चं, आपल्याकडचं पहिलं १९८२ साली हैदराबादला निघालं, दिल्लीचं इग्नू १९८५ चं. महाराष्ट्राचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला सुरू झालं. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. ते आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे इग्नूचेही झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे नाशिकच्या विद्यापीठाचं ब्रीद. ते कोरडं राहिलं नाही, याची साक्ष गावोगावचे ग्रामपंचायत कर्मचारी, पोलीस शिपाई आणि अंगणवाडी सेविका देतील. इग्नूनं तर कैद्यांची फीसुद्धा माफ केलेली आहे. विद्यापीठाचं यश मोजायचं तर मी अशा ठिकाणी बघतो. जाहिरातीतल्या टाय लावलेल्या हसऱ्या तरुणाकडे नाही.

आता तुमच्यासमोर तीन प्रकारची दुकानं मांडलेली असतात. पहिलं, नाशिक किंवा इग्नूसारखं मुक्त विद्यापीठ: छापील पुस्तकं, जवळच्या कॉलेजात अभ्यासकेंद्र, सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्रं. दुसरं, नेहमीच्या विद्यापीठाचा दूरस्थ विभाग. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं स्कूल ऑफ ओपन लर्निंग हे त्यातलं. तिसरं, पूर्ण ऑनलाइन पदवी: इथे अभ्यासकेंद्र नसतंच, व्याख्यानं आणि गृहपाठ सगळं इंटरनेटवर. तिन्ही कायदेशीर आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, स्पष्ट सूचना काढली की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ वा ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीशी समकक्ष मानावी. ती सूचना मोबाइलमध्ये साठवून ठेवा. मुलाखतीला ‘बाहेरून केलंय का?’ असं नाक मुरडणारा कुणीतरी भेटतोच.

‘नॅक ए प्लस’चं काय? यूजीसीच्या २०२० च्या नियमावलीप्रमाणे नेहमीच्या विद्यापीठाला ऑनलाइन पदवी सुरू करायची तर नॅकचे, म्हणजे विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेचे, ४ पैकी किमान ३.२६ गुण लागतात, नाहीतर एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या क्रमवारीच्या, पहिल्या शंभरात सलगच्या तीन वर्षांतून दोनदा तरी नाव लागतं. ए प्लसची श्रेणी सुरू होते तीच ३.२६ ला. म्हणजे ज्या गोष्टीची फुशारकी मारली जाते, ते आत येण्याचं तिकीट आहे. पदवीदान समारंभाच्या बातमीतला आकडाही असाच वाचावा. किती जणांना पदवी मिळाली हे बातमी सांगते. तीन-चार वर्षांपूर्वी किती जणांनी प्रवेश घेतला होता हे सांगत नाही. म्हणून अभ्यासकेंद्रात गेल्यावर केंद्रसंयोजकांना सरळ विचारा, ‘सर, तुमच्याकडे पहिल्या वर्षाला किती आणि शेवटच्या वर्षाला किती?’ चांगला संयोजक उत्तर देतो. उत्तर टाळणाऱ्याकडेही प्रवेश घेता येतो, पण मग मदतीची अपेक्षा ठेवू नका.

२. मान्यता स्वतः तपासा

हे काम भावाला, सायबर कॅफेवाल्याला किंवा ‘ओळखीच्या सरांना’ सांगू नका. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर मान्य विद्यापीठांची यादी असते. तिथे तीन गोष्टी एकत्र जुळायला हव्यात: विद्यापीठ, तुमचा नेमका शिक्षणक्रम आणि तुम्ही प्रवेश घेताय ते सत्र. विद्यापीठाचं नाव यादीत आहे एवढ्यावर समाधान मानू नका. एखाद्या विद्यापीठाला बी.कॉम.ची परवानगी असते आणि एम.एस्सी.ची नसते, किंवा गेल्या सत्राला असते आणि या सत्राला नसते.

काही विषय या मार्गानं शिकवायला परवानगीच नाही. अभियांत्रिकी, वैद्यक, नर्सिंग, फार्मसी, कायदा, वास्तुशास्त्र, हॉटेल मॅनेजमेंट, शेतकी यांची पदवी घरबसल्या मिळत नाही. लोणावळ्यात शेवटच्या दोन गोष्टींची सगळ्यात जास्त विचारणा होते, म्हणून मुद्दाम सांगतो. हॉटेलात काम करणाऱ्या मुलीनं बी.कॉम. किंवा व्यवस्थापनाची पदवी घ्यावी, ती तिला स्वागतकक्षातून हिशेबाच्या खोलीपर्यंत नेईल. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, आहारशास्त्र हे आरोग्याशी जोडलेले विषयही या बंदीच्या यादीत गेले. परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन पीएच.डी. एखाद्या शिकवणी कंपनीमार्फत विकत मिळते, ती इथे मान्य नाही. यूजीसीनं ऑक्टोबर २०२२ मध्येच तसा इशारा दिला आहे.

यूजीसी बनावट विद्यापीठांचीही यादी छापते. ती एकदा चाळाच. त्यात आपल्या महाराष्ट्रातलं, नागपूरचं एक नाव वर्षानुवर्षं ठाण मांडून आहे.

आणि एजंट. फॉर्म भरून देण्याचे शे-दोनशे रुपये घेणारा माणूस वेगळा, तो मेहनतीचे घेतो. ‘परीक्षेला बसायची गरज नाही’, ‘मागच्या सालचं सर्टिफिकेट देतो’ म्हणणारा वेगळा. फ्रँचायझी देऊन पदवी चालवायला नियमानं बंदी आहे. पैसे भरायचे ते विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवर. कुणाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा फोन नंबरवर कधीच नाही.

प्रमाणपत्र आणि पदवी यांतही गल्लत नको. लोणावळ्यात कैवल्यधाम १९२४ पासून योगाचं काम करतंय. तिथल्या एखाद्या लघु अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र योगवर्ग चालवणाऱ्याला मोलाचं आहे, पण ‘कोणत्याही शाखेची पदवी’ मागणाऱ्या सरकारी जाहिरातीला ते चालणार नाही.

३. नावं जुळवा

दहावी-बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, सही, लागू असेल तर जातीचा दाखला. कागद एवढेच. पण मावळात प्रवेश अडतो तो कागद नसल्यामुळे नाही, कागदांवरची नावं एकमेकांशी बोलत नसल्यामुळे.

राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर उलटा क्रम. एकीकडे ‘दत्तात्रय’, दुसरीकडे ‘दत्ता’. इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठे एक ‘ए’ जास्त, कुठे ‘डब्ल्यू’च्या जागी ‘व्ही’. लग्न झालेल्या मुलींचं तर दुप्पट काम: गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या. यांना माझा सल्ला असा की शिक्षणाचे कागद बदलायच्या भानगडीत पडू नका. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि नाव बदलाचं राजपत्र हे दोन कागद काढून ठेवा. ते दोन्ही नावांमधला पूल म्हणून आयुष्यभर चालतात. स्पेलिंगचीच चूक असेल तर आधार केंद्रावर जाऊन आधार गुणपत्रिकेप्रमाणे दुरुस्त करून घ्या, कारण मंडळाकडून गुणपत्रिका बदलून घेण्यापेक्षा ते कितीतरी सोपं आहे. याच फेरीत आधारला चालू मोबाइल नंबर जोडा. पुढच्या प्रत्येक पायरीला ओटीपी येतो आणि तो हरवलेल्या जुन्या सिमवर गेला तर काम तिथेच थांबतं.

बारावीच झालेली नसेल तर? आधीच्या पिढीतल्या कित्येकांनी मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट बी.ए. गाठलं. आज मात्र बारावीचाच रस्ता धरा, कारण पुढे भरतीच्या वेळी दहावी, बारावी, पदवी अशी साखळी तपासली जाते. त्याला दोन वाटा आहेत: राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या बसणं, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेतून म्हणजे एनआयओएसमधून बारावी करणं. एक-दोन वर्षं जातील. जाऊ द्या.

४. दोन क्रमांक काढा

नावं जुळली की हे अर्ध्या तासाचं काम. डिजिलॉकरमधून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे एबीसीचं, खातं उघडा. तुम्ही मिळवलेले श्रेयांक तिथे जमा होतात. त्यानंतर डीईबीच्या पोर्टलवर जाऊन डीईबी क्रमांक काढा. २०२४ पासून दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशाला तो सक्तीचा आहे आणि एबीसी क्रमांकाशिवाय तो निघत नाही. दोन्ही क्रमांक वहीत लिहून ठेवा, मोबाइल बदलला तरी वही राहते.

५. शिक्षणक्रम आणि केंद्र निवडा

प्रवेश वर्षातून दोनदा होतात, जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी. मात्र प्रत्येक विद्यापीठ प्रत्येक शिक्षणक्रम दोन्ही वेळा उघडेलच असं नाही. विषय निवडताना माध्यम आधी बघा. मराठीतून शिकलेल्यानं इंग्रजी माध्यमाचा बी.कॉम. ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून घेऊ नये; नाशिकच्या विद्यापीठाची कला-वाणिज्याची मराठी पुस्तकं एकट्यानं वाचून समजावीत अशाच बेतानं लिहिलेली असतात.

केंद्र निवडताना आपल्याकडे एक अडचण आहे, जी नाशिकमध्ये बसून कुणाला दिसणार नाही. संपर्कसत्रं बहुतेक रविवारी असतात. लोणावळ्यातल्या हॉटेलवाल्याचा, चिक्कीच्या दुकानातल्या पोराचा, टॅक्सीवाल्याचा रविवार हाच कमाईचा दिवस. पावसाळ्यात तर शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्यांनी जुना महामार्ग असा तुंबतो की बाइकवरून वलवणहून बाजारात यायला जीव मेटाकुटीला येतो. अशा माणसानं केंद्र गावातलं आहे म्हणून निवडू नये. एकतर लोकलच्या मार्गावरचं, तळेगाव किंवा चिंचवड-आकुर्डीकडचं केंद्र बघावं, नाहीतर ध्वनिमुद्रित व्याख्यानं देणारा ऑनलाइन शिक्षणक्रम घ्यावा. उलट आंदर मावळातल्या किंवा नाणे मावळातल्या मुलानं पूर्ण ऑनलाइनच्या नादी लागू नये. डोंगराआड रेंज नाही, आणि जुलैत तारांवर झाड पडलं की वीज दोन-दोन दिवस येत नाही. त्याच्यासाठी छापील पुस्तक आणि वडगावला नाहीतर तळेगावला गाठता येणारं केंद्र हेच खरं.

२०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करायलाही परवानगी आहे. करू नका. का, ते पुढच्या पायरीत कळेल.

६. तासांचा हिशेब मांडा

मुक्त शिक्षणात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. चार श्रेयांकांचा एक विषय म्हणजे १२० तास. सत्राला २० श्रेयांक धरले तर ६०० तास. सहा महिन्यांत २५ आठवडे. म्हणजे आठवड्याला २४ तास. हा आकडा जाहिरातीत कुठेही नसतो.

आता तुमचे तास मोजा. रोज एक तास काढणाऱ्याचे २५ आठवड्यांत १७५ तास होतात, म्हणजे दीड विषयापेक्षाही कमी. रोज दोन तास आणि साप्ताहिक सुट्टीला आणखी तीन दिले तर आठवड्याचे १७, सत्राचे ४२५. १४ श्रेयांक कसेबसे. छापील तास थोडे सैल असतात, सराव असलेल्याला कमी लागतात, हे खरं. तरीही बारावीनंतर पाच-सात वर्षांनी पुस्तक उघडणाऱ्याला पहिल्या सत्रात जास्तच लागतात. म्हणून तीन वर्षांची पदवी तीनच वर्षांत संपवण्याचा हट्ट सोडा. मुक्त विद्यापीठं जास्तीची मुदत देतात ती याचसाठी. इग्नूच्या तीन वर्षांच्या बी.ए.ला सहा वर्षांपर्यंत मुभा असते. प्रवेश घेतानाच तुमच्या शिक्षणक्रमाची कमाल मुदत विचारून वहीत लिहा आणि चार वर्षांचा आराखडा करा. चौथ्या वर्षी पदवी घेणारा, दुसऱ्या वर्षी सोडून देणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा.

आराखडा मावळच्या पंचांगावर बसवा. जूनमध्ये भाताची रोपं, जुलैत लावणी. वडगावच्या संशोधन केंद्रातूनच आलेला इंद्रायणी भात घरोघरी लागतो आणि तेव्हा घरातलं माणूस चिखलाबाहेर सापडत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरला कापणी-झोडणी, त्यातच दिवाळी. चैत्रात कार्ल्याला एकवीरेची यात्रा, मे महिन्यात लग्नं आणि लोणावळ्यात गर्दी. शेतकरी घराला मोकळे महिने उरतात ते ऑगस्ट-सप्टेंबर आणि डिसेंबर ते मार्च. जड विषय, म्हणजे अर्थशास्त्र, हिशेब, संख्याशास्त्र, त्या महिन्यांत संपवा. पाळीवाल्यांनी रात्रपाळीच्या आठवड्यात नवीन काही वाचायला घेऊ नये. त्या आठवड्यात गृहपाठ लिहावेत. पुण्याकडे कामाला जाणाऱ्यांची सोय रेल्वेनंच केली आहे. लोणावळा ते शिवाजीनगर लोकलला सव्वा तासाच्या वर वेळ लागतो, आणि लोणावळ्यात बसलेल्याला खिडकी मिळते; वाचन तिथे करा.

७. वाचायचं कसं

मुक्त विद्यापीठाचं पुस्तक घटकांत विभागलेलं असतं आणि प्रत्येक घटकात मध्येमध्ये स्वयं-अध्ययनाचे प्रश्न असतात. बहुतेक जण ते ओलांडून पुढे जातात. तिथेच थांबून, पुस्तक मिटून, उत्तर लिहून काढा. वर्गात शिक्षक जे करतात ते काम या प्रश्नांना दिलेलं आहे. गाइड शेवटच्या महिन्यात घ्या, पहिल्या नाही.

पुस्तक उशिरा आलं तर थांबून राहू नका. इग्नूचं सगळं साहित्य ई-ज्ञानकोशावर फुकट आहे आणि त्यासाठी इग्नूचा विद्यार्थी असावं लागत नाही. २०१७ पासून सरकारचं स्वयम् पोर्टल आहे. व्याख्यानं फुकट, परीक्षेचे तेवढे पैसे. तुमचं विद्यापीठ मान्य करत असेल तर तिथले श्रेयांक पदवीत धरता येतात. व्हिडिओ रेंजच्या भरवशावर ठेवू नका. बाजाराच्या दिवशी कामशेतला किंवा वडगावला आलात की आठवड्याचे उतरवून घ्या.

८. गृहपाठ आणि परीक्षा

यूजीसीच्या नियमानं अंतर्गत मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला किमान ७० टक्के वजन आहे. गृहपाठाचे गुण हे हातात असलेले गुण आहेत; ते शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घालवू नका. जमा केल्याची पोच घ्या, केंद्रावरच्या रजिस्टरात सही केलीत तर त्या पानाचा फोटो काढा. गृहपाठाचे गुण चढले नाहीत म्हणून अडकलेला निकाल सोडवायला हीच पोच कामी येते.

परीक्षेचा अर्ज वेगळा भरावा लागतो का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारा. अनेकांचं सत्र अभ्यासामुळे नाही, न भरलेल्या अर्जामुळे जातं. वेळापत्रक आल्याच्या दिवशी ते जोडून रजेचा अर्ज द्या. पाळी बदलून घ्यायला सुपरवायझरला दोन दिवस आधी सांगितलं तर तो नाही म्हणतो, महिनाभर आधी सांगितलं तर बहुधा हो म्हणतो. केंद्र पिंपरी-चिंचवडकडे आलं असेल तर एक लोकल आधीची पकडा, रस्त्यानं जाऊ नका. हॉलतिकिटावरचं नाव आणि विषयांचे सांकेतांक घरीच तपासा. एखादा विषय राहिला तर पुढच्या वेळी तेवढाच द्यायचा. बाकीचे श्रेयांक खात्यात शाबूत राहतात.

९. पदवी ताब्यात घ्या

शेवटचा निकाल लागला म्हणजे पदवी मिळाली असं नाही. पदवीदानाचा अर्ज आणि शुल्क भरावं लागतं, आणि प्रमाणपत्र पदवीदान समारंभानंतरच निघतं. मधल्या काळात नोकरीसाठी तात्पुरतं प्रमाणपत्र मागून घ्या. सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका एका फायलीत आणि डिजिलॉकरमध्ये, दोन्हीकडे ठेवा. कंपनीत असाल तर एचआरकडे प्रत देऊन सेवापुस्तिकेत शिक्षणाची नोंद करायला सांगा. ती आपोआप होत नाही, आणि पुढे बढतीच्या वेळी ‘रेकॉर्डला बारावीच आहे’ असं ऐकावं लागतं.

पुढचं सत्र जुलैचं असो की जानेवारीचं, त्याच्या जाहिराती येण्याआधी एक काम करून टाका: आधार आणि बारावीची गुणपत्रिका शेजारी ठेवून नावातलं अक्षर न् अक्षर ताडून पाहा. फरक दिसला तर याच आठवड्यात आधार केंद्र गाठा.